कोरडा दिवस

"पण बाबा, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायला वस्तीतल्यांचं जातं काय?"

जमालबाबा दर्ग्याच्या पायरीवरची कडुलिंबाची पानं गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून हा छोटा दर्गा, आणि दर्ग्यामागे खदान वस्ती. वस्तीत बाबांचा शब्द कुणी मोडत नाही, म्हणून मी आले होते. माझा ओजस डेंगीतून नुकताच उठला होता. धाकटी पाच महिन्यांची. रोज तिला उघडी करून अंगावरचा एकेक लाल ठिपका तपासायचे. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली बाई मी. डास दिसला की आधी गुगल करते, मग रडते.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. हा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. म्हणून तर महापालिकेने शुक्रवार कोरडा दिवस ठरवलाय. भांडी ओतायची, घासायची, वाळवायची. रिक्षा भोंगा लावून सांगत फिरते. तरी वस्तीत दारोदार पिंपं भरलेली. बोलता बोलता माझा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला असावा.

"पोराला कुठे ठेवलं होतं?" बाबांनी विचारलं.

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. स्वतंत्र खोली होती. विमा होता.

"वस्तीतल्या नसरीनची पोरगीही डेंगीने सरकारी दवाखान्यात आहे. एका खाटेवर दोघी..."

मी म्हटलं, तेच तर. तिच्यासाठीच सांगतेय. आणि त्या क्षणी मला ते खरंही वाटलं.

"बरं," बाबा म्हणाले. "आज शुक्रवारच आहे."

ते उठले. दर्ग्याच्या कोपऱ्यात त्यांचं निळं पिंप होतं. त्यांनी त्यावरचं विरलेलं फडकं सोडलं. मी जवळ जाऊन वाकले. अर्ध्याच्या वर पाणी, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. बारीक, पण होत्याच. मला जरा विजयी वाटलं, हे लपवत नाही.

बाबांनी पिंपाला खांदा लावला आणि ते कलतं केलं.

पाणी काठाशी आलं. पहिली धार फरशीवर पडली.

"थांबा... दुसरं पाणी भरलेलं आहे ना?"

"नाही."

"मग नळ कधी येईल?"

"चार दिवसांपूर्वी येऊन गेला. आता पुढच्या आठवड्यात. आला तर."

मी दोन्ही हातांनी पिंपाचा काठ धरला होता. कधी धरला, कळलं नाही.

"सोड, बेटी."

"अहो, पण पिणार काय तुम्ही?"

"ते तू सांग. मी वस्तीत तसंच सांगतो."

...

पाणी हिंदकळत परत आत बसलं. अळ्यांसकट. आम्ही दोघं पिंपाला दोन बाजूंनी धरून उभे होतो. त्यांनाही ओतायचं नसावं. पिंप सावरायला माझ्यापेक्षा जोर मात्र त्यांचाच जास्त होता.

"तुझ्या घरी पिंपं किती?"

"एकही नाही. आमच्याकडे तर नळ रोज..."

मी थांबले.

निवडणुकीच्या तोंडावर पाण्याची नवी लाइन आमच्या फाटकापर्यंत आली. नगरसेवकांनी सोसायटीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. वस्ती पुढच्या टप्प्यात आहे, असं ते तेव्हा म्हणाले होते. अजूनही तेच म्हणतात.

बाबांनी पिंप सरळ केलं. फडकं ताणून बांधलं, गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.



"वाक्य पुरं कर, बेटी."