शेठजींच्या हातचं केळं

एका शहराच्या अंगाला एक टेकडी होती. टेकडीवर माकडं राहत, पायथ्याशी माणसं. कैक वर्षं कुणाचं कुणावाचून अडलं नव्हतं. टेकडीवर उंबर होते, बोरी होत्या, माकडांचं पोट भरत होतं.

मग तिथे त्र्यंबकशेठ राहायला आले. भांड्यांचं मोठं दुकान आणि पायथ्याच्या मारुतीवर गाढ श्रद्धा. त्यांनी नेम धरला, दर शनिवारी माकडांना केळी. तीही समोर टाकायची नाहीत, आपल्या हातानं भरवायची. त्याशिवाय म्हणे पुण्य लागत नाही. त्यांचं बघून अर्धी वसाहत केळी घेऊन उभी राहू लागली.

लांडी नावाची एक माकडीण मात्र लांबच बसायची. विजेच्या तारेला चिकटून तिचं अर्धं शेपूट गेलं होतं, तेव्हापासून तिला माणसांच्या वस्तीची धास्ती होती. शेठजींनी तीन महिने खपून ती धास्ती घालवली आणि हे ते अभिमानानं सांगत. लांडी टेकडी चढेनाशी झाली. माणसाच्या हातात खायला असतं, एवढंच ती शिकली.

मारुतीची पूजा करणारी चंद्रभागा गुरवीण म्हणाली, "शेठ, निवद देवाला दाखवा. माकडाला हाताची सवय लावू नका. हातात काही नसलं की ते चावंल."

पुण्याच्या कामात खोडा घालते म्हणून शेठजींनी तिला चारचौघांत झापलं.

व्हायचं तेच झालं. शेठजींची नात वेणू अंगणात सागरगोटे खेळत होती. लांडीनं तिची मूठ उघडून पाहिली, खायला काही नाही म्हणून कडकडून चावली. टाके पडले, इंजेक्शनं घ्यावी लागली. लेकरू आठवडाभर रडत होतं. त्या पोरीचा यात काय दोष होता?

वसाहतीची बैठक बसली. माकडं माजलीत, लांडीला पकडून न्या, असं शेठजींनी टेबलावर हात आपटून सांगितलं. चंद्रभागा म्हणाली, केळी बंद करा, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावा, दोन महिन्यांत माकडं आपली आपण टेकडीवर जातील. कुणी ऐकलं नाही. नेम कसा मोडायचा?

माकडं पकडणारा माणूस पिंजरा घेऊन आला. दोन दिवस लांडी आत शिरेना. ओळखीच्या माणसानं बोलावलं तर येईल, असं पकडणारा म्हणाला. आणि शेठजी गेले! पिंजऱ्याच्या मागच्या गजांतून त्यांनी केळं पुढे धरलं. त्यांच्या तोंडाकडे बघत लांडी सरळ आत चालत गेली. दार पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही लाज वाटली नाही.

तिला वीस कोसांवरच्या जंगलात सोडलं. तिथली झाडं फळांनी लगडली होती. पण ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसली, येणाऱ्या गाडीपुढे हात पसरायला. चौथ्या दिवशी ट्रकखाली मेली.

बातमी कळली तेव्हा शेठजी देवळातच होते. मुक्या जनावराला अक्कल नसते, असं म्हणून ते हळहळले. अंगण झाडणाऱ्या चंद्रभागेनं झाडू खाली ठेवला.

"अक्कल हुती, शेठ. तुम्ही शिकवलंत ते ती एकदाबी चुकली न्हाई."

तात्पर्य: रानच्या जिवाला आपणच हाताची सवय लावायची आणि त्या सवयीची शिक्षा त्यालाच द्यायची, याला दया म्हणू नये. ते पाप आहे, आणि ते भरवणाऱ्याचं आहे.