चुचू चिचुंद्रीच्या घरात पाणी

बोटं तोंडातून काढा. कान इकडे द्या. ही गोष्ट आहे चुचू चिचुंद्रीची.

टेकडीच्या पायथ्याशी एक माळ. माळावर चुचूचं बीळ. बिळात तीन पिल्लं. एवढी एवढीशी, शेंगदाण्याएवढी!

एक दिवस माणसं आली. म्हणाली, "इथं इमारत बांधू. मोठ्ठी!" त्यांनी गवत काढलं. झाडं काढली. माळ केला तुळतुळीत. मधे एक ओढा होता. त्यावर मुरूम टाकला, तांबडा तांबडा, जाड जाड. कशाला? तर साहेबांची गाडी यायला! हुशार हो माणसं, फार हुशार.

मग आला पाऊस. सर सर सर! पाणी गवताला शोधतंय. गवत नाही. ओढ्याला शोधतंय. ओढा नाही. मग पाणी कुठं शिरलं? चुचूच्या बिळात! डुबुक डुबुक डुबुक!

चुचूनं पिल्लांना बाहेर काढलं. दगडावर ठेवलं. पिल्लं कुडकुडली. चीं चीं चीं! टेकडीवर आणखी एक काळा ढग बसलेलाच. चुचूचा जीव खाली-वर झाला.

"पाण्या पाण्या, निघ ना. माझी पिल्लं झोपेनात!"

पाणी म्हणालं, "मी का निघू? ओढा वाहील, तर मी निघेन."

चुचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"ओढ्या ओढ्या, वाहू लाग ना. पाणी निघेना, माझी पिल्लं झोपेनात!"

ओढा मुरुमाखालून पुटपुटला, "मी का वाहू? मुरूम हलेल, तर मी वाहीन."

चुचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मुरुमा मुरुमा, हल ना. ओढा वाहेना, पाणी निघेना, माझी पिल्लं झोपेनात!"

मुरूम ऐसपैस पसरलेला. म्हणाला, "मी का हलू? जेसीबी उचलेल, तर मी हलेन."

चुचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"जेसीबीदादा, जेसीबीदादा, उचल ना. मुरूम हलेना, ओढा वाहेना, पाणी निघेना, माझी पिल्लं झोपेनात!"

जेसीबीनं जांभई दिली. घर्रर्र! म्हणाला, "मी का उचलू? मुकादम सांगेल, तर मी उचलेन."

चुचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मुकादम रखमाजी छत्रीखाली चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"मुकादमकाका, मुकादमकाका, सांगा ना. जेसीबी उचलेना, मुरूम हलेना, ओढा वाहेना, पाणी निघेना, माझी पिल्लं झोपेनात!"

मुकादम म्हणाला, "मी का सांगू? साहेब बोलतील, तर मी सांगेन." आणि पुन्हा फुर्र!

चुचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले हो बिचारीचे.

चौबळ साहेब मांडवात भूमिपूजनाला बसले होते. भूमिपूजन म्हणजे जमिनीची पूजा. आधी जमीन खरवडायची, मग तिला हळदकुंकू वाहायचं! साहेबांचे बूट मांडवाबाहेर, आडोशाला. काळे, चकचकीत.

"साहेब, साहेब, बोला ना. मुकादम सांगेना, जेसीबी उचलेना, मुरूम हलेना, ओढा वाहेना, पाणी निघेना, माझी पिल्लं झोपेनात!"

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. नकाशा उघडला. नकाशात इमारत होती. बाग होती. पोहायचा तलाव होता. ओढा? छे!

"ओढा नाहीच इथं," साहेब म्हणाले. "जा आता, पूजा चालू आहे."

झालं! आता कुणाला विचारायचं? नकाशाला? त्याला का तोंड असतं?

ढग गुरगुरला. गुडुम! चुचूला रडू आलं. मग आला राग. असा राग, की मिशा थरथरल्या.

ती पळत पिल्लांकडे गेली. "धरा रे शेपूट!" एका पिल्लानं आईचं शेपूट धरलं. दुसऱ्यानं त्याचं धरलं. तिसऱ्यानं त्याचं धरलं. चिचुंद्र्या अशाच चालतात, आगगाडीसारख्या. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु, आणि गुडुप! गेली चौघं साहेबांच्या बुटात.

बूट कोरडा होता. पण आतला वास! शी! पिल्लं काही झोपेनात. चीं चीं चीं!

पूजा संपली. पाहुणे आले. साहेबांनी बुटात पाय घातला.

"आई गं! कोण आहे आत?"

"मी चुचू."

"निघ! आधी निघ!"

चुचूनं बुटातून डोकं बाहेर काढलं. म्हणाली, "मी का निघू? माझं घर सुकेल, तर मी निघेन."

"रखमाजी, काढ हिला!"

रखमाजीनं दोन्ही हात मागं लपवले. "मी नाही बाबा! चावते ती. वास पण येतो."

पाहुणे बघताहेत. साहेब एका पायावर उभे. चिखलात, अनवाणी. मग काय करतात?

साहेब बोलले.
मुकादमानं सांगितलं.
जेसीबीनं उचललं. घर्रर्र घर्रर्र!
मुरूम हलला.
ओढा वाहिला. खळखळ खळखळ!
पाणी निघालं. सूंऽऽ!

काळा ढग आला. धो धो कोसळला. सगळं पाणी गेलं थेट ओढ्यात. चुचूच्या बिळात थेंबसुद्धा नाही!

मग पडलं ऊन. पिल्लं बुटातच. चुचूनं जाऊन बीळ बघितलं. माती दाबून बघितली. ओलं आहे? थांबा, साहेब. अजून ओलं आहे? आणखी थांबा. साहेब थांबले.

सुकलं एकदाचं! चुचू निघाली. मागून एक पिल्लू, दोन पिल्लं, तीन पिल्लं. बिळात शिरली, गोळा झाली, डोळे मिटले.

आणि साहेब? बूट घालून ते भाषणाला उभे राहिले. "पाहुणेहो, हा ओढा मोकळा कुणी केला? मी! आम्ही पाण्याचा विचार आधीच करतो!"

टाळ्या! कडकड कडकड कडकड!

चुचू बिळातून बाहेर आली. डोळे वटारले. म्हणाली,

"शूऽऽ! पिल्लं झोपलीत."