पोशाने वाचवलेला दिवा

एका बंदरात एक भोळा खलाशी राहायचा. नाव पोशा. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. तीच तर खरी अडचण होती.

पोशा लडकू नाखव्याच्या होडीवर कामाला होता. बारा वर्षं दुसऱ्याच्या होडीवर राबून नाखव्याने ही स्वतःची होडी बांधली होती. बायकोपेक्षा तो तिला जास्त जपायचा, आणि हे बायकोलाही ठाऊक होतं.

एक दिवस तपासणीचे साहेब आले. त्यांनी संकटाचा दिवा बघायला मागितला. पूर्वी संकटात फटाक्याच्या दारूचं नळकांडं पेटवायचे, त्यात नळकांड्याआधी हातच भाजायचा. हा दिवा बॅटरीचा. बटण दाबलं की आपोआप लुकलुकणार. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. समुद्रात त्याचा अर्थ एकच, वाचवा.

साहेबांनी दिवा पाण्यात टाकला. तो सरळ उभा तरंगला.

"पास," साहेब म्हणाले. "होडीवरची वस्तू अशी पारखून घ्यावी."

दुसऱ्या दिवशी नाखव्याने पोशाला नवा नांगर आणायला पाठवलं. पोशा हात हलवत परत आला.

"नांगर कुठाय रे?"

"धक्क्यावरून पाण्यात टाकून बघितला, नाखवा. तरंगलाच नाही. नापास माल. तिथेच सोडून आलो."

नाखव्याने कपाळाला हात लावला. "अरे, ती परीक्षा नांगराची नाही, दिव्याची. आणि दिव्याची मोठी परीक्षा वेगळीच आहे. एकदा पेटवला की सहा तास चालला पाहिजे, असं साहेबांच्या पुस्तकात आहे."

पोशाने मान हलवली. पेटवलं की सहा तास.

मग पोशाला होडीवर भात शिजवायला बसवून नाखवा गळ घेऊन नांगर शोधायला गेला. दुपार कलल्यावर रिकामा परत आला, तर होडीतून काळा धूर.

"स्टोव्ह बंद कर, मेल्या. भाताचा कोळसा झाला."

"अजून वीस मिनिटं राहिलीत, नाखवा."

नाखव्याने स्वतःच स्टोव्ह विझवला. "काम झालं की लगेच बंद करायचं. उगाच जाळत बसायचं नाही. कळलं?"

"कळलं," पोशा म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

नांगर काही मिळाला नाही. पण बाहेर सुरमई लागली होती, आणि शहाण्या नाखव्याला धीर निघेना. तिसऱ्या दिवशी दोघे बिननांगराचेच निघाले. आता सांगा, मूर्ख कोण?

दिवेलागणीला इंजिन बंद पडलं. पाण्याची ओढ खडकांकडे. नाखव्याने इंजिनात डोकं खुपसलं आणि आतूनच ओरडला, "पोशा, दिवा लाव. कोणी आलं नाही, तर उद्या होडीच्या फळ्या वेचाव्या लागतील."

पोशाने दिवा लावला. थोड्या वेळाने लांबून गस्तीच्या बोटीचा भोंगा वाजला.

पोशाने विचार केला. दिव्याचं काम लोकांना बोलवायचं. बोलावलं. काम झालं. आता बंद.

टक.

"भोंगा लांब का जातोय रे?" नाखव्याने आतून विचारलं.

"काय ठाऊक."

"दिवा लाव की."

लावला. बोट वळली. भोंगा वाजला. टक.

असं पाच वेळा झालं. गस्तीची बोट अंधारात इतक्या घिरट्या घालत राहिली की तिच्या पंख्यात कोणाचं तरी जाळं गुंतलं. तिचंही इंजिन बंद. वाहत वाहत ती आली आणि धाडकन होडीवर आदळली.

तिच्यावर मात्र नांगर होता. तिच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, तो टाकला, होडी दोराने बांधून घेतली. खडक जेमतेम दोन वाव, बारा फूट लांब उरले होते. नाखव्याने होडीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून हात फिरवला आणि पुन्हा इंजिनात शिरला.

तांडेल म्हणाला, "तुमचा दिवा बिघडलाय का रे? आता आम्हीही अडकलो. दे तो इकडे."

पोशाने दिला. तांडेलाने दिवा उंच धरला. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. घटकाभराने दूरवर तिसऱ्या बोटीचा भोंगा वाजला.

"तांडेल, झालं का काम?" पोशाने अदबीने विचारलं.

"झालं बाबा एकदाचं."

पोशाने मागून हात घातला. टक.

भोंगा डावीकडून उजवीकडे गेला आणि बारीक होत होत थांबला. नाखव्याने इंजिनातून डोकं बाहेर काढलं.

"नाखवा, काळजी नको," पोशा म्हणाला. "दिवा जपून वापरलाय. अजून पाच तास चालेल."