शिवणीचे जावळ

पूर्वी गोदेच्या काठी वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने पैलतीरावरच्या वाडीत एका बागवानाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव देवरात.

राजाला पुत्र झाला, तेव्हा पुढे कुमाराची नाव बांधायला लाकूड हवे म्हणून वाडीने शिवणीची राई लावावी, असा हुकूम आला. शिवण भराभर वाढणारी. बाळ चालू लागेतो ती छपराच्या वर जाते. पण राजाला खूश करण्यासाठी अमात्य पिंगलाने दवंडी पिटवली, की ही झाडे कुमाराचे दूधभाऊ आहेत. त्यांना कोयता लावील त्याचा हात तोडला जाईल. आणि खोडे सरळ निघाली नाहीत, तर वाडी उठवली जाईल.

खालच्या फांद्या वेळीच छाटल्या नाहीत, तर शिवण कमरेपासूनच फाटे फोडते, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तरी कोयते आढ्याला गेले ते गेलेच. म्हातारे फाटे झाकायला फुलांच्या माळा सोडत, बायका खोडांना हळदकुंकू वाहत. देवराताची नवी नवरी उत्पला सासूमागे तबक धरून उभी राही. नव्या सुनेचे तोंड मिटलेले होते. डोळे मात्र उघडे होते.

एकदा वाढताना तिने हळूच विचारले, “अहो, कुंकवाने फांदी सरळ होते का?”

देवराताचा घास हातातच राहिला. “नाही होत.”

“मग कोयता काढून देऊ?”

सासरा म्हणाला, करायचेच तर अंधारात कर. देवरात म्हणाला, अंधारात केले तर संशय साऱ्या वाडीवर येईल. कुमाराचे जावळ उरकून राजा राई पाहायला येणार होता. त्याच दिवशी, पहारेकऱ्यांदेखत, देवराताने फांद्या उतरवायला घेतल्या. एक ओळ होते न होते तोच त्याला धरून राजापुढे उभे केले. राजाच्या मांडीवर तुळतुळीत डोक्याचा कुमार होता.

पिंगलाने दवंडीची आठवण दिली. देवराताने दोन्ही हात पुढे केले.

“तोडायचा तर डावा तोडा, महाराज. उजव्याचे काम अजून संपलेले नाही.”

उत्पलाने तबक खाली ठेवले आणि पडलेला कोयता उचलला. “उजवाही तोडा. उरलेल्या ओळी मी छाटीन.”

सासूने तिचा पदर ओढला. मग काय वाटले कोण जाणे, तीही सुनेला खेटून उभी राहिली.

देवरात शांतपणे म्हणाला, “कुमारांच्या डोक्याला वस्तरा लावणाऱ्या न्हाव्याचा हात शाबूत आहे ना, महाराज? मग या दूधभावांचेही जावळच उतरवतो आहे मी. झाडे अजून कोवळी आहेत, तोवरच वळतील.”

राजा कितीतरी वेळ कुमाराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. निरोप मिळण्याची वाट न पाहता उत्पलाच्या हातून कोयता घेऊन देवरात पुढच्या ओळीकडे वळला. त्याला कोणी अडवले नाही. राजाने फक्त पिंगलाला खूण केली, की छाटलेल्या फांद्या उचल.

ही गोष्ट संपवून तथागत म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा आनंद, पिंगल म्हणजे देवदत्त, कोयता उचलणारी ती राहुलमाता, आणि बागवान मीच होतो. आपला हात जाणार हे ठाऊक असूनही दुसऱ्यांच्या घरांसाठी तो पुढे करणे, ही वीर्यपारमिता, न डगमगता केलेल्या उद्यमाची परिपूर्णता.”