अठरा पत्रं

"एवढ्या पत्रांना उत्तर देणारा दुसरा आमदार मला दाखवा, बाबा. आहे कुणी?"

हंसगिरी बाबा मठीच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पंचवीस हजार पत्रं! एकही उत्तरावाचून राहिलं नाही."

आमदार त्र्यंबकराव आसोलकर जुन्या वळणाचे गृहस्थ. पक्षही तसाच, वाडवडिलांच्या रीतीला धरून चालणारा. मोबाइलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली म्हणजे लोकसंपर्क झाला असं होत नाही, हे ते भर सभेत ठणकावून सांगत. त्यांच्याकडून टपालानं पत्र जायचं. वर गणपती, खाली सही. तीनदा निवडून आलो ते या पत्रांच्या पुण्याईवर, असं त्यांना मनापासून वाटे.

आता त्यांचा सत्कार ठरला होता आणि गौरवग्रंथासाठी गुरूंच्या दोन ओळी हव्या होत्या. म्हणून भर वैशाखात, कुणालाही सोबत न घेता, ते टेकडी चढून आले होते.

"उत्तरं तू लिहितोस?" बाबांनी विचारलं.

"सही माझी असते."

"आणि आलेली पत्रं वाचतोस?"

"कार्यालयात चार माणसं आहेत, बाबा. मजकूर ठरलेला आहे. पण उत्तर जातंच. रीत मोडत नाही."

बाबांनी आणखी एक चिंच फोडली...

तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा टाकत एक म्हातारी वर आली. पाय धुळीनं माखलेले, हातात पाकीट.

"आलं बाबा, सायबांचं पत्र आलं!"

ती ढवळवाडीची चतुराबाई. साहेबांना तिनं फक्त चौकातल्या फलकावर पाहिलं होतं, भरजरी फेटा बांधलेले. ओट्यावर बसलेला हा टकला, घामाघूम माणूस कोण, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

बाबांनी चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि तो झोळीत ठेवून दिला.

"आज मी वाचणार नाही, चतुरे. हे पाहुणे वाचतील."

चतुराबाईनं पाकीट दोन्ही हातांनी पुढं केलं. पाकिटावरचा गणपती त्र्यंबकरावांनी लगेच ओळखला. त्यांना बरंच वाटलं. बाबांना आता डोळ्यांनीच दिसेल, असं मनात येऊन ते जरा सरसावून बसले.

"दमानं वाचा, दादा," ती म्हणाली. "मला पाठ करायचं असतं. मागली समदी पाठ हायेत."

"पाठ?"

"तर! नऊ वर्सं झाली, माझी अंजना फरशी पुलावरून ओढ्यात गेली, तवा पयलं पत्र आलं. दप्तर पाठीवर होतं पोरीच्या. सायबांनी लिहिलं, आई, तुमची अंजना ती माझीच लेक. तुम्ही एकट्या रडू नका, मी हितं बसून तुमच्यासंगं रडतोय."

त्र्यंबकरावांचा हात पाकिटावरच थांबला.

"मग एकदा लिहिलं, दर सोमवारी तिच्या नावानं एक घास बाजूला काढतो. आता तुमीच सांगा, एवढा मोठा माणूस! मी बी काढते मग. तेबी सोमवारीच."

"हे... साहेबांनी लिहिलं?"

"दुसरं कोन लिहिनार, दादा?"

त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा चिंचोके वेगळे करत होते.

त्र्यंबकरावांनी पाकीट फोडलं. आत दोन छापील ओळी होत्या. खालची सहीसुद्धा शिक्क्याची.

चतुराबाई डोक्यावर पदर घेऊन, देवापुढं बसावं तशी बसली होती.

आपणही काहीतरी बोलावं, तिला बरं वाटेल असं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं. सभेत तास तास बोलणारा माणूस... एक शब्द सुचेना. अंजनाचं नाव त्यांनी आजच ऐकलं होतं. अखेर जे होतं तेच त्यांनी वाचलं.

"आपलं निवेदन मिळालं. योग्य त्या कार्यवाहीसाठी ते संबंधित विभागाकडं पाठवण्यात येत आहे."

"फुडं?"

"एवढंच आहे, आई."

"मागल्या अंगाला?"

त्यांनी कागद उलटा करून दाखवला. कोरा होता.

म्हातारी बराच वेळ त्या कोऱ्या कागदाकडं बघत राहिली. ती रडेल, चिडेल, असं त्र्यंबकरावांना वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी दाटून आली.

"बाबा, सायबांच्या जिवाला बरं नाही. असं कोरडं ते कवाच लिहीत नाहीत. हे दुसऱ्याच कुनीतरी लिहिलंय. माझ्या सायबांना कायतरी झालंय, बाबा! अंगारा द्या."

बाबांनी धुनीतला चिमूटभर अंगारा कागदात बांधून तिला दिला. तिनं ती पुडी कपाळाला लावली आणि त्र्यंबकरावांच्या तळहातावर ठेवली.

"तुमी शहराकडचं दिसता. तेवढं त्यांच्या घरी पोचवा, दादा. म्हनावं, पुलाला कठडा झाला न्हाई तरी चालंल, आधी तब्येत सांभाळा."

ती पायऱ्या उतरून गेली. त्र्यंबकरावांचा हात तसाच पुढं राहिला होता.

"बाबा... तुम्ही खोटं वाचलंत?"

"हो."

"नऊ वर्षं?"

"हो. पहिलं पत्र घेऊन आली, तेव्हा त्याच फरशी पुलावर जाऊन उभी राहून आली होती. तुझ्या दोन ओळी वाचल्या असत्या, तर पुन्हा तिकडंच गेली असती."

"पण हे पाप आहे!"

"आहे. गाव दोनदा रस्ता अडवायला निघालं होतं. हिनं आडवं पडून थांबवलं, सायबांना खाली बघायला लावू नका म्हणून. माझ्या शब्दांमुळं कठडा झाला नाही. ते पाप माझं. ते मी कुणावर ढकलत नाही."

त्र्यंबकरावांना राग आला. राग आला म्हणून जरा बरंही वाटलं.

"मग मला सांगायचं होतं, बाबा! मी तुमचा शिष्य. एका शब्दानं सांगायचं होतं!"

"तिला लिहिता येत नाही, त्र्यंबका."

"म्हणजे?"

"वर्षाला दोन. तिची अठराही पत्रं मी लिहिली. माझं अक्षर तू ओळखतोस ना?"

ते अक्षर गिरवूनच त्र्यंबकराव स्तोत्र लिहायला शिकले होते. हजार कागदांतून त्यांनी ते वेगळं काढलं असतं. अठरा वेळा ते त्यांच्या कार्यालयात आलं होतं, आणि अठरा वेळा त्याला उत्तर गेलं होतं.

खालच्या वाटेवर म्हातारी लहान लहान होत चालली होती.

"कठडा मी बांधतो, बाबा. या महिन्यात." त्यांनी तळहातावरच्या पुडीकडं पाहिलं. "पण ही पुडी... ही मी कशी घेऊ?"

"तुला कुठं दिलीय? तिच्या साहेबांना दिलीय."

"मग काय करू?"

बाबांनी चिंचोक्यांचं सूप उचललं आणि ते उठून उभे राहिले.

"नऊ वर्षं मी त्याच्या नावानं बोललो, त्र्यंबका, पण तो राहतो कुठं ते मलाही ठाऊक नाही. शोध. भेटला तर दे."