ठकूबाईचा मोर

फार मागची गोष्ट आहे. आमच्या खैरदऱ्याला तेव्हा सडक नव्हती. देवीच्या जत्रेला माणसं डोंगर उतरून, वहाणा हातात घेऊन, ओढा ओलांडून यायची. त्या काळात गावात ठकूबाई नावाची माळीण होती. ओढ्याकाठी तिचा दुधी भोपळ्याचा मांडव होता. तो एवढा मोठा की चुकलेलं वासरू त्याच्याखाली शिरलं तर संध्याकाळशिवाय सापडायचं नाही, असं म्हणतात.

जत्रेला दरवर्षी गोजराबाई गोंदणारीण यायची. चिंचेखाली गोणपाट अंथरायची, काजळात माक्याचा रस खलायची आणि सुयांची जुडी धरून बायकांच्या हातावर तुळस, विंचू, पाळणा, मोर गोंदायची. पोरींचं लक्ष दुखण्याकडे जाऊ नये म्हणून गाणं म्हणायची. अंगावरचे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बाईबरोबर वर जातं, असं तेव्हा सगळ्याजणी मानायच्या.

ठकूबाई भाजीची पाटी बाजूला ठेवून हे बघत बसायची. एका वर्षी तिच्याने राहवलं नाही. म्हणाली, "गोजराआई, मला शिकव की."

गोजराबाईने तिला नीट न्याहाळलं. "चाळिशी उलटली गं तुझी. या वयात बायका सुनांना शिकवतात, आणि तू शिकायला निघालीस?"

"सून कुठं शिकवू देते?" ठकूबाई म्हणाली.

भोवतीच्या बायका हसल्या. गोजराबाईही हसली, पण सुया काही तिने दिल्या नाहीत. "भिंतीवरचं चुकलं तर शेणाचा हात फिरवता येतो. कातड्यावरचं जन्मभर राहतं. आधी काहीतरी जितं बघ, त्याच्यावर हात बसव, मग ये."

आता जितं काय बघायचं? कोंबडी जवळ येईना. नवरा तुळाजी तिच्या हातात बाभळीचा काटा दिसताच औत घेऊन शेताकडे गेला, आणि त्या दिवशी नांगरायचं काहीच नव्हतं, असं म्हणतात. शेवटी ठकूबाई मांडवाखाली गेली. वेलीला मुठीएवढे कोवळे, लव असलेले भोपळे लागले होते. तिने त्या काट्याने एकेकावर मोर काढला. नाजूक मान, डोक्यावर तुरा, मागे पिसारा. जिथे काटा फिरला तिथे साल सुकली आणि पांढरी रेघ कायमची राहिली.

पुढच्या जत्रेला तिने त्यांतला सगळ्यात मोठा भोपळा गोजराबाईपुढे ठेवला.

"हे काय?"

"मोर."

"मोर? मान बघ त्याची! ठकू, हा उंट आहे."

"काढला तेव्हा मोरच होता."

"मग मधे काय झालं?"

"मधे भोपळा वाढला, आई."

गोजराबाईचं हसू तिथेच थांबलं. तिने भोपळा मांडीवर घेतला आणि त्या रेघांवरून बोट फिरवलं. "माझेही असेच बिघडलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "लहानपणी गोंदलेल्या पोरी बाया होऊन समोर येतात, आणि दंडावर मोराचा बगळा झालेला असतो. मी आपली काजळाला दोष देते. माझी फिरती जात. काढते आणि पुढच्या गावाला जाते. पोरी वाढताना कुठं दिसतात मला? तू एका जागी राहतेस. तू बघ."

तेव्हापासून ठकूबाई तिची शिष्य झाली. जत्रेच्या दिवसांत ती काजळ खलायला, जुडी बांधायला आणि गाणी म्हणायला शिकायची. एरवी वर्षभर तिचा मांडव आणि ती. देठाकडची रेघ किती सरकते, पोटाजवळची किती ताणते, हे ती रोज जाऊन बघायची. मग ती मोर मुद्दाम बसका, आखूड मानेचा काढू लागली, आणि भोपळा भरला की तोच मोर ऐटीत उभा राहू लागला. गावात कोणाच्या घरी भाजी असली की पोरं सालीसाठी भांडायची. पुढे तर त्या वेलीचे भोपळे मोर घेऊनच जन्माला यायचे, असं म्हणतात.

मग एका जत्रेत गोजराबाई म्हणाली, "आता माझ्यासमोर एक दंड गोंद. मोर जमला तर ही जुडी तुझी. माझी नजर उतरत चाललीये, मलाही ती कोणाला तरी द्यायचीच आहे."

पण दंड कोण देणार? बायका एकमेकींच्या मागे सरकल्या. तेव्हा हौसा नावाच्या शेजारणीने आपल्या चांगुणाला पुढे केलं. पोर पाच-सहा वर्षांची असेल. "आमच्या घरी तुझ्या मोरांच्या साली टाकवत नाहीत. काढ," हौसा म्हणाली.

ठकूबाईपुढे दोन वाटा होत्या. आज सुंदर दिसेल असा मोर काढला असता तर सुया लगेच हातात आल्या असत्या. तिने चांगुणाचा दंड बोटांनी चाचपला, तिच्या आईचा दंड पाहिला, आणि बसका, रुंद, मान खांद्यात घातलेला पक्षी गोंदला.

हौसाच्या सासूने कपाळावर हात मारला. "अगं बया! ही तर खुडुक कोंबडी! कोण करील आता हिला?"

गोजराबाई डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. "मला यात मोर दिसत नाही, ठकू. दिसेल त्या दिवशी सुया देईन." तिने जुडी कमरेला खोचली आणि ती गेली.

त्यानंतर ठकूबाईला कोणी दंड दिला नाही. चांगुणाला पोरं 'कोंबडीवाली' म्हणायची. ती रडत मांडवाखाली यायची. ठकूबाई तिचे डोळे पुसायची, दंडावर तेल लावायची आणि म्हणायची, "भरपूर भाकरी खा, बाई. तू वाढलीस की तो वाढेल." चांगुणा कोरभर भाकरी जास्त खायची. आणि खरंच, एका पावसाळ्यात पक्ष्याला मान फुटली. पुढे पाय लांबले. चांगुणा डोक्यावर घागर घ्यायला लागली तेव्हा त्याच्या माथ्यावर तुरा स्पष्ट दिसू लागला.

चांगुणाचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी गोजराबाईला डोलीत बसवून आणलं, तोवर तिची दृष्टी गेली होती. नवरीच्या दंडाला हळद लागली आणि मोराने पिसारा उघडला, असं म्हणतात. डोंगरावरचे खरे मोर भर दुपारी ओरडू लागले. हौसाची सासू मांडवभर सांगत सुटली, "मी तेव्हाच म्हटलं होतं!"

गोजराबाईने तो दंड हातात घेतला. बोटांनी मान चाचपली, तुरा चाचपला, पिसाऱ्याच्या टोकापर्यंत बोट नेलं. मग कमरेची जुडी काढून ठकूबाईच्या तळहातावर ठेवली. आणि आपली बाही वर सारली. तिच्या हातावर मनगटापासून गोंदण होतं, फक्त कोपराच्या वर एक जागा मोकळी होती.

"इथं काढ," ती म्हणाली. "म्हातारं कातडं आहे, आता काही वाढायचं नाही. पुरता मोर काढ."

ठकूबाईने गोंदलं. गाणं म्हणताना तिचा आवाज दोनदा अडकला, तेव्हा गोजराबाईनेच पुढची ओळ धरली. तो मोरही वाढला. गोजराबाई गेली तेव्हा त्याचा पिसारा तिच्या खांद्यापर्यंत पोचला होता, असं म्हणतात.

आज खैरदऱ्यात सुईने गोंदणारं कोणी नाही. पण हळदीच्या सकाळी नवरीच्या दंडावर काजळाचा मोर काढतात, तो ठकूबाईच्या नावाने. काढायचा मान घरातल्या सगळ्यात कच्च्या हाताच्या माणसाचा. ज्याला चित्रं येतात त्याला तेवढ्यापुरतं अंगणात बसवतात. आणि हसायचं कोणी नाही. गेल्या वैशाखात एका नवरीच्या मामाला बसवलं होतं, एसटीत कंडक्टर आहेत. जीभ दातांत धरून, घाम पुसत पुसत त्यांनी मोर काढला, आणि झाली किटली. करवल्यांनी ओढण्या तोंडात कोंबल्या. नवरीच्या आजीने चष्मा लावला, दंड उजेडाकडे वळवून निरखून पाहिला आणि किटलीला हळदीचं बोट लावलं.

"छान आहे," ती म्हणाली. "मान तेवढी यायचीये."