लोहाराचं नाव गाळलेलं गाणं

आगगाडी अजून डोंगराच्या पलीकडेच होती, तेव्हाची ही गोष्ट. मेक्सिकोच्या उत्तरेला, कोरड्या डोंगरांत, पिएद्रा नावाच्या गावात सेवेरियानो नावाचा बंडखोर होऊन गेला. जमीनदाराची गुरं पळवायची आणि त्यानं ज्यांच्या जमिनी गिळल्या त्यांच्या दारात नेऊन बांधायची, हा त्याचा उद्योग. असं म्हणतात, की त्याच्यावर झाडलेली गोळी वाटेतच दमून खाली पडायची. शिपाई वर्षानुवर्षं त्याच्यामागे हिंडले आणि आपलेच घोडे दमवून मारून परतले.

मग त्यांच्या कप्तानानं गावातल्या लोहाराचा थोरला मुलगा धरला. त्याच्या गळ्यात दोर अडकवून लोहाराला म्हणाला, "धाकट्याचा बाप्तिस्मा कर. धर्मपिता म्हणून सेवेरियानोला बोलाव."

बाप्तिस्म्याला बाळ हातात घेतो तो धर्मपिता. तो आणि बाळाचा बाप मग एकमेकांचे कोंपाद्रे होतात, सख्ख्या भावांहून जवळचे. हे बोलावणं नाकारायचं नसतं आणि चर्चमध्ये हत्यार न्यायचं नसतं.

लोहार डोंगरात गेला. बोलावताना त्याची मान वर होईना. सेवेरियानो काय ते समजला, तरी आला.

चर्चच्या दारात आंधळा गवई नताल्यो बसला होता. बंदूक त्याच्याजवळ ठेवून सेवेरियानोनं बाळ घेतलं. बाहेर शिपाई नेम धरून उभे होते, पण बाळ हातात असेपर्यंत चाप ओढायची कुणाची छाती नव्हती. असं म्हणतात, की फादरची प्रार्थना संपता संपेना आणि मेणबत्त्या जळत असून मेण काही कमी होईना. त्यानं बाळासकट घोड्यावर बसून निघून जावं, असं सगळ्या गावाला वाटत होतं.

त्यानं बाळ आईकडे दिलं.

"कोंपाद्रे, पोराला घेऊन आतच थांबा," तो लोहाराला म्हणाला.

तिकडे बंडखोर मेला की त्याच्यावर गाणं रचतात, आणि त्यात दगा देणाऱ्याचं नाव घालायचंच, अशी रीत. त्या एका ओळीनं अख्खं घराणं गावातून उठतं. म्हणून तो दारात नताल्योला म्हणाला, "माझं मरण खुशाल गा, बाबा. पण मला बोलावलं कुणी, ते गाऊ नका. पोराला याच गावात मोठं व्हायचंय."

मग तो एकटा अंगणात गेला. त्या दिवशी एकही गोळी दमली नाही.

थोरला सुटून घरी आला. लोहारानं मात्र पुन्हा कधी घण उचलला नाही.

पिएद्रात आजही प्रत्येक बाप्तिस्म्याला ते गाणं म्हणतात. ती ओळ आली की गाणारा तोंड मिटतो, नुसती गिटार वाजत राहते. लोहाराची पणतवंडं तिथेच, सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही आहे. विचारू नका.